अजून खालचं काही

"ह्याच्यापेक्षा खालचं काही आहे का?" जयवंत खानविलकरने कानावरचा हेडफोन काढून विचारलं.

"अंकल, ह्याच्या खाली आता जमीनच लागेल," ज्युलियस म्हणाला.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर नॉर्वेचा एक जाडा माणूस होता. आपल्याच स्वयंपाकघरात बसून त्याने एक पितळी वाद्य फुंकलं होतं. वाद्य इतकं अवाढव्य, की फोटोत तेच माणसाला वाजवतंय असं वाटायचं. गाण्याखाली आकडा होता: आजवर सात वेळा ऐकलं गेलं. त्यातल्या सहा वेळा जयवंत होता. सातवी त्या माणसाची आई असावी, असा ज्युलियसचा अंदाज.

दोन हजार सहा साल होतं. सांडोरला ज्युलियस तुस्कानोने घराच्या ओटीवर पाच कॉम्प्युटर मांडून सायबर कॅफे काढला होता. मागे केळीची वाडी, पुढे कॉम्प्युटर. वीज गेली की दोन्हीकडची कामं सारखीच थांबायची. कॉम्प्युटरभोवती प्लायवूडच्या केबिनी होत्या आणि केबिनींना पडदे होते. पडद्यांमुळे गावात कॅफेचं नाव फारसं चांगलं नव्हतं, पण पडद्यांमुळेच गिऱ्हाईक होतं. जयवंत राहायचा अंबाडी रोडला. वाटेतले चार कॅफे टाकून तो रोज संध्याकाळी पाच ते सहा इथे, कोपऱ्यातल्या केबिनमध्ये, पडदा ओढून बसायचा. सांडोरला त्याला कोणी ओळखत नव्हतं.

तो ऐकायचा ती सगळी बिनओळखीची माणसं. परदेशातली एक वेबसाइट होती, तिच्यावर कुणीही उठावं, घरात गाणं रेकॉर्ड करावं आणि टाकावं. कंपनी नाही, कॅसेट नाही. ब्राझीलचा एक दाढीवाला दंतवैद्य होता, तो पेशंट नसले की वाजवायचा. जपानमधली एक बाई रिकाम्या पिंपावर ठेका धरायची. बहुतेकांच्या गाण्याखाली शून्य असायचं. शून्य दिसलं की जयवंत खुर्ची पुढे ओढायचा.

कान हा त्याचा धंदाच होता. वालीवच्या एका पंख्याच्या कारखान्यात तो सव्वीस वर्षं टेस्टिंगला होता. पंखा टांगायचा, तिन्ही स्पीडवर फिरवायचा, डोळे मिटून ऐकायचं आणि पात्यावर खडूने खूण करायची. "वाजला तर परत, गायला तर पास," हे त्याचं शास्त्र. जिथे जाईल तिथे तो आधी छताकडे बघायचा. मुलगी क्षितिजाला बघायला पुण्याची मंडळी आली, बोलणी झाली, मग हे लोक त्यांचं घर बघायला गेले, तिथे चहा घेता घेता हा म्हणाला, "हा पंखा सहा महिन्यांत जाईल." वसुंधराने त्याला पदराआडून चिमटा काढला. पंखा पाचव्या महिन्यात गेला. तेव्हापासून व्याही त्याला जरा वचकून असतात.

पण टेस्टिंगच्या भिंतीला लागून पॉवर प्रेसची शेड होती. पत्र्याची तबकडी दाबली की धाड. मिनिटाला वीस धाड, दिवसाचे आठ तास. सव्वीस वर्षांत त्या शेडने कानातलं काय काय कापून नेलं, ते कानालाही कळलं नाही. एके दिवशी नाशिकच्या डीलरकडून बेचाळीस पंखे परत आले. सगळे शिटी मारत होते. सगळ्यांवर जयवंतच्या हातची खूण होती. साहेबांनी पंखा त्याच्यासमोर लावला. शेडमधला झाडूवालाही कानात बोट घालून उभा राहिला. जयवंतला मात्र तो पंखा गाताना ऐकू येत होता. छान, खर्जात.

साहेब भला माणूस. म्हणाले, "खानविलकर, आता पॅकिंगला बसा. आराम करा."

घरी जाऊन त्याने प्रमोशन झालं म्हणून सांगितलं. वसुंधराने शिरा केला.

कानाच्या डॉक्टरांनी कागदावर आलेख काढून दाखवला. रेघ डावीकडून बरी निघाली होती आणि उजवीकडे जिन्यावरून पडल्यासारखी खाली आली होती. "वरच्या पट्ट्या गेल्या," डॉक्टर त्याच्या कानाशी ओरडले. "खालच्या आहेत, पण त्याही हळूहळू. नस सुकलीय. मशीनने आवाज मोठा होईल, नीट होईलच असं नाही." तो कागद जयवंतने कारखान्यातल्या लॉकरमध्ये ठेवला.

आवडीची जुनी गाणी त्याने लावून पाहिली. ती ऐकवेनात. बासरी यायची तिथे नुसती जागा यायची. बाई गायला लागली की मधले मधले शब्द उंदराने खाल्ल्यासारखे. प्रत्येक ओळीत काय गेलंय याची यादीच. मग एकदा क्षितिजाने मेलवर पाठवलेले नातवाचे फोटो बघायला म्हणून तो सांडोरला आला, तेव्हा ज्युलियसने त्या दंतवैद्याचं गाणं लावलं होतं. जयवंत फोटो विसरून उभा राहिला. हे गाणं पूर्ण होतं. त्यात भोकं नव्हती. म्हणजे असतीलही, पण जे त्याने कधी ऐकलंच नव्हतं, त्यातलं काय गेलंय ते त्याला कसं कळणार? नव्या गाण्याकडे त्याची काही जुनी येणी नव्हती.

त्या दिवसापासून तो नवी माणसं शोधायला लागला, आणि महिन्यागणिक खालच्या पट्टीतली. दंतवैद्य चैत्रात विरला. जपानी बाईचं पिंप गणपतीपर्यंत टिकलं. आता नॉर्वे.

ऐकल्यावर रिपोर्ट द्यायचा, ही सवय सुटणं शक्य नव्हतं. तो सांगायचा, ज्युलियस इंग्रजीत टाइप करायचा. नॉर्वेवाल्याला त्याने लिहवलं होतं: "आवाज पास. पण डाव्या अंगाला घासतो. कुठे पोचा आलाय का बघा." आठ दिवसांनी उत्तर आलं. वाद्य पाच वर्षांपूर्वी जिन्यावरून पडलं होतं, पोचा होता, आणि आजवर कुणाच्या, अगदी बायकोच्याही, लक्षात आला नव्हता.

"बघा," जयवंत म्हणाला होता. "बायकोच्याही." मग तो हेडफोन हातात घेऊन नुसता पुसत बसला.

कारण वसुंधराचा आवाज वरच्या पट्टीतला. तो सगळ्यात आधी गेला होता. एकोणतीस वर्षांच्या संसारात बायको काय म्हणत असेल ते न ऐकताही पुष्कळ कळतं; उरलेल्याला जयवंत "हो" म्हणायचा. या "हो"च्या जोरावर घरात मिक्सर आला, हॉलला गुलाबी रंग लागला, आणि तिच्या तिघी बहिणी एकाच दिवाळीत राहून गेल्या. खालच्या मजल्यावरच्या लतिकाला वसुंधरा म्हणायची, "प्रमोशन झाल्यापासून माणूस सुधारला गं. काही बोला, हो म्हणतात."

फक्त एक संध्याकाळ जयवंतच्या मनातून जात नव्हती. वसुंधरा गॅलरीत पाठमोरी बसून मेथी निवडत होती आणि अर्धा तास बोलत होती. मेथी कधीच संपली होती. तिच्या मांडीवर एक पिवळट झबलं होतं. क्षितिजाच्या आधी त्यांना मुलगा झाला होता, तो अकरा दिवस जगला. त्याच्याबद्दल दोघं आपसात कधी बोलले नव्हते. घरात तशी पद्धतच पडून गेली होती. आणि आता ती बोलत होती. शेवटी तिने वळून काहीतरी विचारलं. जयवंत म्हणाला, "हो." तिने डोळे पुसले, झबलं घडी करून आत नेलं, आणि त्या रात्री ती गाढ झोपली. आपण कशाला हो म्हटलं, हे विचारायची त्याला दोन वर्षं हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर बाकीचे सगळे "हो"ही उघडे पडले असते.

एका गुरुवारी लतिकाने वसुंधराला सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचे मिस्टर सांडोरला पडद्याच्या केबिनमध्ये बसतात म्हणे. रोज." वसुंधराने गॅस बंद केला, रिक्षा केली, आणि वाटेत काय काय बोलायचं ते ठरवत ती कॅफेच्या पायरीशी आली. तिथे थबकली.

"आत रेडा बांधलाय का?" तिने विचारलं.

"नाही काकी," ज्युलियस म्हणाला. "नॉर्वे आहे."

"कुणी लावलंय एवढ्या मोठ्यानं?"

ज्युलियसने कोपऱ्यातल्या केबिनकडे बोट केलं. "हेडफोनमधनं येतंय. फुल करतात ते. बाकीच्या गिऱ्हाइकांना पण सवय झाली आता. हे दोन दिवस आले नाहीत, तर एक जण विचारत होता, रेडा कुठाय म्हणून. सॉरी."

"त्यांना माहीत आहे, बाहेर ऐकू येतं ते?"

"नाही. हेडफोन आहे ना, त्यांना वाटतं प्रायव्हेट आहे."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"कसं सांगणार काकी? मोठ्यानं सांगायला लागलं असतं. सगळ्यांसमोर."

वसुंधराने पडदा सरकवला. जयवंतची पाठ दिसत होती, त्यावर पॅकिंगच्या चिकटपट्टीचा एक तुकडा अडकला होता. "अहो," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "अहो." मग त्याहून मोठ्याने. शेजारच्या केबिनमधून एकाने डोकं बाहेर काढलं आणि आत घेतलं. जयवंत हलला नाही.

ती पडदा धरून तशीच उभी राहिली. तिच्या तोंडावरून काय काय गेलं, ते फक्त ज्युलियसने पाहिलं. मिक्सर गेला, गुलाबी रंग गेला, बहिणी गेल्या. सगळं पटापट गेलं. मग एका ठिकाणी ती थांबली.

"मी विचारलं होतं तुम्हाला, त्याचं नाव ठेवू या का," ती त्या पाठीला म्हणाली. "आपल्या दोघांपुरतं. हो म्हणालात. ठेवलं मी नाव. दोन वर्षं झाली. रोज घेते."

नॉर्वेवाला श्वास घ्यायला थांबला होता, त्यामुळे हे कॅफेभर ऐकू गेलं. ज्युलियस काउंटरवरची पेन्सिल उगाच सरळ करत होता.

"काकी," तो हळू म्हणाला, "मी सांगू का त्यांना? माझा आवाज मोठा आहे. चर्चमध्ये मिसाला वाचन मीच करतो."

"नको," ती म्हणाली. "ते ओरडून सांगण्यासारखं नाही."

तेवढ्यात जयवंतला कॉम्प्युटरच्या काचेत तिची साडी दिसली. तो चोरी पकडल्यासारखा उठला. हेडफोनची वायर ताणली गेली, निघाली, आणि नॉर्वे एकदम गप्प झालं.

"गाणी ऐकतो," तो म्हणाला. बहिरी माणसं बोलतात तसा, गरजेपेक्षा मोठ्याने. "दुसरं काही नाही. नवी माणसं असतात. चांगली असतात." मग त्याने हात कपाळाशी नेला आणि आडवा फिरवला. "वरचं सगळं गेलंय, वसू. खालचं थोडं आहे."

तिने बोटं उघडून, मिटून विचारलं: कधीपासून. त्याने दोन बोटं दाखवली. ती मान हलवत राहिली.

"प्रमोशन पण नव्हतं," तो म्हणाला.

"ते कळलं," ती म्हणाली. हे त्याला ओठांवरून समजलं.

मग तो तिच्याजवळ सरकला. आवाज खाली आणायचा त्याने प्रयत्न केला असावा, पण तो पाचही केबिनींत गेला. "त्या दिवशी गॅलरीत तू काय विचारलंस? झबलं घेऊन बसली होतीस. मी हो म्हटलं. कशाला म्हटलं मी?"

वसुंधराने त्याच्या कानाशी तोंड नेलं. श्वास घेतला. केबिनींतले कीबोर्ड थांबले होते. मागे वाडीत पाण्याचा पंप तेवढा चालू होता. तिने श्वास सोडला, परत घेतला आणि मोठ्याने म्हणाली, "दूध आणायला सांगितलं होतं."

जयवंतने तिच्याकडे बघितलं. दूध आणायला सांगायला कुणी अकरा दिवसांच्या मुलाचं झबलं कपाटातून काढत नाही, एवढं त्याला कळत होतं.

"मग? आणलं मी?"

"आणलंत."

"बरं केलं," तो म्हणाला.

ज्युलियसने दुसरी खुर्ची आणली. कुठून तरी एका भोकात दोन वायरी लागतील अशी जोडपिन शोधली आणि दुसरा हेडफोन लावून दिला. मग नवं गाणं लावलं, व्हिडिओसकट. आइसलँडचा कुणी माणूस होता. सांडपाण्याच्या पाइपवर चपलेने मारून वाजवत होता. खाली शून्य होतं.

"काय आहे?" जयवंतने विचारलं.

"पाइप आहे," वसुंधरा त्याच्या कानाशी ओरडली. "बरा आहे. भजनी मंडळातल्या पखवाजापेक्षा बरा."

तिने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि मनगटावर दोन बोटांनी ठेका धरला. जयवंतने डोळे मिटले. दूर, खूप खालून, कुणीतरी जमिनीच्या पोटात काही आपटत असल्यासारखं त्याला येत होतं. दोन मिनिटं आलं. मग पातळ झालं, आणि मग आलंच नाही.

हेही गेलं, त्याला वाटलं, आज, इथेच. त्याने डोळे उघडले. पडद्यावर गोल चक्र फिरत होतं. नेट अडकलं होतं. पाइपवाला माणूस चप्पल उगारून थिजला होता.

वसुंधराला त्या चक्राचा अर्थ माहीत नव्हता, पण हेडफोनमधून काही येत नाही एवढं तिला कळत होतं. ती पडद्याकडे बघत नव्हती. त्याच्याकडे बघत होती, आणि तिची बोटं त्याच्या मनगटावर चालूच होती. ठेका हळूहळू सैल झाला, चुकला, आणि गणपतीच्या आरतीवर येऊन स्थिरावला.

जयवंतने पडद्यावरून नजर काढली, परत डोळे मिटले, आणि त्या ठेक्यावर मान डोलवायला लागला.