सरूबाईची बारव

कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात, धुके अजून पाण्यावर रेंगाळत असताना, बारवेच्या दगडी पायऱ्या झाडणाऱ्या शिंदीच्या फड्याची खरखर कानी येई. चिखलीकडच्या त्या गावी मी मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा सरूबाई मला प्रथम त्या आवाजातूनच भेटली.

कपाशीच्या उभ्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखी कृश बाई. नवरा आणि लेक एकाच साथीत गेले, त्यानंतर ती पुरातन बारव हेच तिचे घरदार झाले. कोनाड्यांतल्या मूर्तींचे मुखडे ती पदराने अशा हळुवारपणे पुसी, जणू तापाने निजलेल्या माणसाचे कपाळच. गाव मात्र पायऱ्यांवर विळ्यांना धार लावी, खांबांवर नावे कोरी. सरकारने लोखंडी पाटी रोवली होती : ‘मोडतोड करणाऱ्यास शिक्षा होईल.’ वर्षभरात धोंडे बसून त्या पाटीलाच पोचे आले.

एका पौषात वीणा वाजवणाऱ्या स्त्रीची शिळा कोनाड्यातून नाहीशी झाली. तहसिलीतले साहेब चौकशीला आले. सरूबाई पाण्याकडे पाहत उभी होती.

“कोणी नेली, माहीत आहे?”

“हाव, माईत हाय. पन सांगत नाई.”

“का?”

“तुम्ही शिक्षा देसान अन् चालले जासान, साहेब. त्याले तं रोज इथलंच पानी प्या लागते.”

साहेब संतापून गेले. सरूबाई गावातल्याच सुखदेव नावाच्या शेतकऱ्याच्या अंगणात गेली. मोरीपाशी ती शिळा पालथी घालून त्यावर कपडे धुतले जात होते. ती शेजारी बसली. ना शिवी, ना गाऱ्हाणे. सूर्य माथ्यावरून कलला तरी बसूनच. दुसऱ्या दिवशी तशीच. तिसऱ्या दिवशी सुखदेवच्या बायकोने धुणे ओढ्यावर नेले आणि सुखदेव खाली मान घालून तिच्यासमोर उभा राहिला.

“मावशी, उठा न आता. लोक पाहून राह्यले.”

“पाहू दे. मी तुले काई म्हनलं का?”

संध्याकाळी त्याने बैलबंडी जुंपली. शिळा परत कोनाड्यात बसवायला आठ गडी लागले. त्यांतले चौघे खांबांवर आपली नावे कोरणारे होते.

त्या दिवसापासून गावाचे मन पालटले. मी उत्साहाने घराघराच्या पाळ्या ठरवून दिल्या : आज या घराने झाडावे, उद्या त्या. पायऱ्यांवर पुन्हा कोणी विळा घासला नाही. सुना-लेकी हसत येत आणि म्हणत, “मावशी, तुम्ही बसा आता.”

ती बसली. पाळीच्या त्या कागदात तिच्या घराचे नाव घालायचे मला सुचले नव्हते. आपण तिला विश्रांती देत आहोत, असेच मला वाटत होते. रिकामे हात मांडीवर ठेवून ती काठावर दिसे, आणि तिच्या डोळ्यांत मावळतीच्या उन्हासारखे काहीतरी रोज थोडे ओसरत जाई. मी जाता-येता पाही. बोलावे असे वाटे, पण शाळेची घंटा होई.

फाल्गुनात ती जळगाव जामोदला भावाकडे निघून गेली. कोणाला सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही. तिच्या मरणाची वार्ता तिकडच्या एका बैलबाजारातून, वर्ष उलटल्यावर, गावी आली.

दगड जपायला आम्ही तिच्याकडूनच शिकलो, आणि ते शिकण्याच्या आनंदात तिला गमावून बसलो. काळ पाषाण झिजवतो तेव्हा त्याची खूण तरी मागे उरते. माणूस एकटेपणाने झिजतो, ते मात्र पाहणाऱ्याच्या मनात फार उशिरा, आणि कायमचे, कोरले जाते.