मीठवालीच्या हातात गोफण

कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात दर रविवारी दुपारी तीन वाजता एक तलवारबाज, एक मांत्रिक, एक वैदू आणि एक मीठवाली सतरंजीवर गोल करून बसत, आणि कालिंदी त्यांना कातळगडाच्या पायथ्याशी नेऊन सोडत असे. गड कल्पनेतला, जंगल कल्पनेतलं; चहा आणि मुरमुऱ्यांचा चिवडा तेवढा खरा.

खेळ आला होता अमेरिकेतून. कालिंदीचा धाकटा भाऊ मनोहर तिकडे शिकत होता. सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याने तीन पातळ पुस्तिका पोस्टाने पाठवल्या आणि सोबत चिठ्ठी लिहिली की वसतिगृहात सगळे याच्यामागे वेडे झालेत, ताईला आकडे आवडतात म्हणून पाठवतो. या खेळाला पट नव्हता. प्रत्येकाने एक पेशा निवडायचा, त्या पेशाच्या माणसाला काय कितपत जमतं ते आकड्यांत लिहून ठेवायचं, आणि त्याच माणसाच्या तोंडून बोलत गोष्टीत शिरायचं. गोष्ट चालवायला एक सूत्रधार. जिथे प्रश्न नशिबाचा, तिथे वीस बाजूंचा फासा. असा फासा कलकत्त्यात मिळणं शक्य नव्हतं. कालिंदीने हाऊजीच्या संचातल्या एक ते वीस आकड्यांच्या लाकडी सोंगट्या कापडी पिशवीत घातल्या. पिशवी हलवायची, एक काढायची, परत टाकायची, संभाव्यता तीच. आठवडाभर तागाच्या पिकाच्या पाहण्यांचे आकडे तपासणाऱ्या बाईला हे सुचायला वेळ लागला नाही.

तलवार दिगंबरने उचलली. तो या घराचा स्नेही, सियालदहजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवायचा. त्याचे आजोबाच कलकत्त्याला येऊन राहिले होते आणि सह्याद्री त्याने फक्त नकाशात पाहिला होता; कदाचित म्हणूनच गड दिसला की तो सगळ्यांच्या पुढे असे. त्याची बायको शैला मांत्रिक झाली. कालिंदीचा नवरा गुरुदत्त भूगर्भ सर्वेक्षण खात्यात होता. त्याने वैदू होणं पत्करलं, कारण कुणी जखमी होईपर्यंत वैदूला लोडाला टेकून डोळे मिटता येतात.

राहिल्या गुरुदत्तच्या आई, प्रेमलताबाई. त्यांना पुस्तिकेतला एकही पेशा पसंत पडला नाही.

"मी मीठ विकीन," त्या म्हणाल्या.

"मीठ? मावशी, आपल्याला गड घ्यायचाय, आठवड्याचा बाजार नाही."

"तलवार घेऊन गेलं तर कुणी दारात उभं करत नाही, दिगंबरा. मीठ घेऊन गेलं की बसायला पाट मांडतात."

प्रेमलताबाई त्या वर्षी चैत्रात कलकत्त्याला आल्या होत्या. राजापूरला त्यांचे यजमान पोस्टमास्तर, आणि पोस्ट घराच्या पुढच्याच खोलीत. पत्र न्यायला आलेला माणूस त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पायरी उतरत नसे. यजमान गेले आणि गुरुदत्त आईला घेऊन आला. इथे शेजारच्या बायका हसून बंगालीत काहीबाही विचारत, प्रेमलताबाई मान हलवत आणि दार लोटून घेत. महिन्याभरातच त्यांनी मुलाला सांगून टाकलं, की दिवाळी झाली की मला गाडीत बसवून दे, मी राहीन एकटी. राजापूरच्या घरात आता कुणी नव्हतं, आणि त्यांना दोनदा चक्कर येऊन गेली होती.

त्यांनी जाऊ नये असं कालिंदीला वाटत होतं. चक्करेची काळजी होतीच. पण त्याहून, तिला त्यांची सोबत आवडू लागली होती आणि ते कसं सांगावं हे कळत नव्हतं. ती स्वतः मोजकं बोलणारी. ज्या घरात दोघीही गप्प, त्या घरात घड्याळाचा आवाज फार मोठा होतो.

ऑगस्टच्या शेवटी खेळ सुरू झाला, आणि तिसऱ्या रविवारनंतर तिकिटाचा विषय बंद पडला. कालिंदीच्या लक्षात ते आलं.

पाचव्या रविवारी जिना उतरता उतरता दिगंबर म्हणाला, "वहिनी, मावशींना जरा बळ द्या हो. पाच रविवारांत सात वेळा बेशुद्ध पडल्या. अजून एक घोरपडसुद्धा त्यांच्या हातून मेली नाही."

त्याने थट्टा केली होती, पण कालिंदीला ती लागली. खेळात काय काय झालं ते ती एका वहीत लिहून ठेवत असे. तिने वही काढून मोजलं. लढायांतले शंभरातले अठ्ठावन्न घाव तलवारीचे. मीठवालीचा एकही नाही. शैलाचा मांत्रिकही एक मंत्र टाकून झाला की दुपारभर रिकामा, म्हणून तर चहा नेहमी तीच करायची. ज्या खेळात आपण सारखं आडवं पडायचं, तो खेळ माणूस किती दिवस खेळेल? एखाद्या रविवारी आईंना कंटाळा येणार, आणि सोमवारी तिकीट.

दुर्गापूजेच्या सुट्टीत सगळं शहर मांडव पाहत फिरत होतं, गल्लीत ढाक म्हणतात ते मोठे ढोल वाजत होते, आणि कालिंदी जेवणाच्या टेबलाशी बसून पिशवीतून सोंगट्या काढत होती. तिने चारशे लुटुपुटीच्या लढाया लढवल्या. तलवारीची धार थोडी कमी केली, मांत्रिकाला तीन मंत्र वाढवून दिले, मीठवालीच्या हातात गोफण दिली. मग तिचं लक्ष बोलण्याकडे गेलं. दारवानाची समजूत घालायची, वाटाड्याला फोडायचं, ही कामं आजवर जो जसा बोलेल तशी होत. हे तिला ढिसाळ वाटलं, आणि शैलासारख्या लाजऱ्या माणसावर अन्याय करणारंही. तिने बोलण्यालाही आकडे दिले. गडाचा दारवान : बारा. बारा किंवा त्याहून वरची सोंगटी आली की दार उघडलं. शेवटी चारही पेशांचा वाटा शंभरात चोवीस ते सव्वीसच्या आत येऊन बसला. इतका सुरेख तक्ता तिने कचेरीतही केला नव्हता.

पुढच्या रविवारी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. कुणी बेशुद्ध पडलं नाही. प्रेमलताबाईंच्या गोफणीने दोन तरस लोळवले आणि दिगंबरने टाळ्या वाजवल्या. गडाच्या दाराशी त्या नेहमीसारख्या पदर सारखा करून पुढे सरकल्या आणि तोंड उघडणार, तोच कालिंदीने त्यांच्यापुढे पिशवी धरली. पंधरा आले.

"उघडलं दार," कालिंदी म्हणाली.

"उघडलं? काही न बोलता?"

"हो आई. पंधरा आले ना."

तोवर दिगंबर आत शिरून बुरुजापर्यंत पोचलाही होता. एरवी सात वाजता वीज गेली तरी मेणबत्ती लावून रेंगाळणारा खेळ त्या दिवशी साडेचारला संपला. शैला म्हणाली, छान झालं, अगदी रमीसारखं. दिगंबरने एस्प्लनेडच्या ट्रामची वेळ विचारली.

संध्याकाळी मेथी निवडताना प्रेमलताबाई मुलाला म्हणाल्या, "रिझर्वेशनचं बघ बाबा. दिवाळीनंतर गर्दी असते."

कालिंदी रात्रभर नीट झोपली नाही. सकाळी कचेरीला निघण्याआधी, एखादा आकडा जुळला नाही की जसा सरळ विचारावा तसं तिने ओट्याशी उभं राहून विचारलं, "आई, काल खेळात माझं काही चुकलं का?"

"छे गं. गोफण छान आहे."

"मग?"

प्रेमलताबाईंनी गॅस बारीक केला. "गोफण कुणीही मारील. तो दारावरचा माणूस, त्याची मुलगी तापाने फणफणली होती. तिचं पुढे काय झालं, काल कुणी विचारलंच नाही."

कालिंदीला आधी आठवेना, मग आठवलं. चौथ्या रविवारी आईंनी दारवानाला विचारलं होतं, बाबा, असा उतरल्या तोंडाने का उभा. आणि उत्तर द्यायचं म्हणून तिने मुलीचा ताप सांगितला होता. नव्या तक्त्यात त्या माणसाला मुलगी नव्हती. तो नुसता बारा होता.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने ती वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. या वेळी घाव मोजले नाहीत. अमक्याने अमकं केलं नसतं तर गोष्ट दुसरीकडे गेली असती, अशा जागा मोजल्या. चाळीस निघाल्या. तलवारीच्या बारा, वैदूच्या आठ, मांत्रिकाच्या सात. मीठवालीच्या तेरा. चारशे लढाया तिने बिनचूक मोजल्या होत्या, पण तागाचं पीक मोजायला मासळीबाजारात जाऊन उभं राहावं, तसं ते झालं होतं. तिला हसू आलं आणि शेजारच्या टेबलावरच्या बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं.

तक्ता तिने सगळाच फाडला नाही. शैलाचे मंत्र ठेवले, कारण तिथे आकडे खरं बोलले होते. तलवारीची धार परत दिली. गोफण काढली, दारवानाचा बारा खोडला. पुढच्या रविवारी तिने हे सांगितलं आणि मागचा डाव रद्द करून सगळ्यांना पुन्हा गडाच्या दाराबाहेर आणलं, तेव्हा दिगंबर म्हणाला, "म्हणजे मावशी परत बेशुद्ध पडणार?"

"पडू दे," प्रेमलताबाई म्हणाल्या. "वैदू आहे ना. फुकट झोपा काढतोय."

दाराशी पोचले तेव्हा चार वाजले होते आणि वीज जाऊन पंखा नुकताच थांबला होता. कालिंदीने आवाज जाड केला. तिला नाटक येत नसे; आवाज जाड करण्यापलीकडे तिची मजल नव्हती.

"कोण आहे?"

"मीच, मीठवाली. पोरीचा ताप उतरला का रे?"

"उतरला. पण काही खात नाही."

"पेज दे, वर मिठाचा खडा घाल. हे घे माझ्याकडचं. आणि घरात करणारं कुणी दिसत नाही ते? बायको कुठाय?"

कालिंदीने याचा विचार केला नव्हता. "माहेरी गेलीय," दारवान चाचरत म्हणाला.

"भांडून?"

दारवान कमरेच्या किल्ल्या चाळवू लागला.

"मावशी," दिगंबर कळवळून म्हणाला, "मी तलवार उपसून उभा आहे."

"मग ती म्यान कर आणि पोतं उचल. गुरुदत्ता, ऊठ, पोरीची नाडी बघ."

वैदू खरोखरच उठून बसला. आणि इतक्या रविवारांत खेळात स्वतःहून कधी न बोललेली शैला हळूच म्हणाली, की तिला जो नवा मंत्र मिळालाय त्याने पाण्यात दूरचं दिसतं ना. मग त्या बायकोचा राग गेलाय का तेवढं बघू का? सगळे तिच्याकडे वळले. तिने चिवड्याच्या वाटीवर ओंजळ धरली, डोळे बारीक केले आणि सांगितलं, की बायको माहेरच्या अंगणात बसलीय, गाठोडं बांधून तयार आहे, पण न्यायला कुणी आलं नाही.

"ऐकलंस?" प्रेमलताबाईंनी दारवानाला फैलावर घेतलं. "तू जा तिला आणायला. दार आम्ही सांभाळतो."

दारवान निघाला, असं कालिंदीने सांगितलं. तिने किल्ल्यांचा जुडगा दिगंबरच्या हातात दिला. कातळगडाचं दार उघडलं, आणि रक्ताचा एक थेंबही न सांडल्याचं दुःख दिगंबरने पाठीवर मिठाचं पोतं घेऊन गिळलं.

अंधारू लागलं तसा चहाचा दुसरा फेरा झाला. कप घेता घेता गुरुदत्तला आठवण झाली. उद्या तो रेल्वेच्या कचेरीत जाणार होता. "आई, तारीख कोणती सांगू?"

प्रेमलताबाई गडाच्या आतल्या वाटेत होत्या. त्यांनी मुलाकडे न बघता हात हलवला. "थांब रे जरा. एवढं मीठ वर आणलंय, ते दारोदार दिल्याशिवाय का जाणार आहे मी? कालिंदी, गडावर घरं किती?"

कालिंदीच्या वहीत साठ लिहिलं होतं. तिने वही मिटली.

"तीनशे," ती म्हणाली.