पूजेतली डिक्शनरी

मी डिक्शनरी बोलतेय. इंग्रजीची, मोठ्ठी. पावणेतीन किलो वजन आहे माझं, आणि त्यात लाजायचं काय?

त्र्याऐंशी साली धाकूनं मला मुंबईत घेतलं. धाकू मालवाहू जहाजावर खलाशी. "लेकीला इंग्रजी यायलाच पाहिजे," म्हणाला. हातखंब्याला एस.टी. बदलताना त्याची ट्रंक टपावर आणि मी मांडीवर. असा थाट!

रत्नागिरीला घरी पोचले आणि थाट संपला. धाकूची आई राही मला बघून हरखली. "पोरानं केवढा ग्रंथ आणलान!" म्हणत तिनं मला लाल फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. धाकूची लेक सगुणा जवळ आली की, "आधी हात धू!" हात धुऊन आली की, "शाळेची छोटी आहे ना तुझ्याकडे? मग हा कशाला मळवतेस?" मी नुसती चरफडायची. लाखभर शब्द पोटात घेऊन गप्प बसून बघा एकदा.

पुढच्या वर्षी नवमीला मला पाटावर मांडलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. पूजेतलं पुस्तक दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत उघडायचं नाही, हा राहीचा कडक नेम.

दुपारी पोस्टमन आला. जहाजाच्या कंपनीचं इंग्रजी पत्र. सगुणेनं अडखळत वाचलं. जहाज परदेशी बंदराबाहेर थांबवलंय, सगळे खलाशी क्वारंटाइनमध्ये आहेत, तीन आठवडे कुणाचं पत्र येणार नाही. तिनं छोटी डिक्शनरी काढली. त्यात एवढंच होतं, 'रोगामुळे वेगळे ठेवणे'.

राहीनं सगुणेचा हात धरला. "कसला रोग गो? माझ्या धाकूला काय झाला?"

सून कमळा सासूसमोर कधी तोंड उघडत नसे. ती पुढे झाली. "आई, मोठ्या पुस्तकात बघूया."

"पूजेतल्या?"

कमळा डोळे पुसत उभी राहिली. राहीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. मग स्वतःच्या हातानं माझ्यावरचं फूल उचललं.

"उघड गो सगुणा. सरस्वतीला राग आला तर माझ्यावर काढूदे."

अहो, काय सांगू! माझी पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. नुसती जाड असून डिक्शनरी चांगली होत नाही. अडलेल्या माणसाला पुरतं सांगितलं पाहिजे, तेही त्याला कळेल असं. मी सांगितलं. सगुणेनं सावकाश मराठी केलं, "आजी, जहाजावर एक जण आजारी पडला तरी सगळ्यांना थांबवतात. बऱ्या माणसांनासुद्धा. ठरलेले दिवस भरले की सोडतात." खाली मी उदाहरणही दिलं होतं, 'खलाशी धडधाकट होते, तरी जहाज बंदराबाहेर थांबले.'

"धडधाकट? नीट बघ. कुठे लिवलंय?" राहीनं त्या ओळीवर कुंकवाचं बोट टेकवलं आणि तीनदा वाचून घेतलं. त्या घरात तीन आठवडे त्या एका वाक्यावर निघाले. मग धाकूच्या हातचं पत्र आलं, ठणठणीत होता.

आता एकोणनव्वद साल. माझी शिवण उसवलीय, कडा मळल्यात. आखातात निघालेली आळीतली पोरं नोकरीचे इंग्रजी कागद घेऊन येतात, सगुणा मला उघडून त्यांना समजावते. इतकी सुखी मी कधीच नव्हते. तुमच्या घरी माझी एखादी बहीण फडक्यात असेल, तर तिला सोडवा हो.

दसऱ्याला मी अजून पाटावर असते, पण उघडी. राहीला अक्षर येत नाही. तरी त्या कुंकवाच्या डागाचं पान तीच काढते, ओळीवर बोट ठेवते आणि देवीला वाचून दाखवते, "धडधाकट होते."