चार स्क्रूंची पाटी

तिसरा स्क्रू निघाला तेव्हा एदेल्मिराने मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. कुणी नव्हतं. बीट भरलेला एक ट्रक नुकताच वळणावरून गेला होता आणि त्यातून पडलेली दोन बिटं डांबरावर अजून घरंगळत होती. चौथा स्क्रू घट्ट बसला होता. बटाटे सोलायच्या सुरीचं टोक वाकलं, पण स्क्रू निघाला. पाटी तिच्या हातात आली. पोस्टकार्डाएवढी, पत्र्याची, पांढऱ्या रंगावर निळी अक्षरं.

‘बेलार्मिनो, माझं ऐकलंस. आभारी आहे. – र.’

तिने ती तीनदा वाचली. मग एप्रनच्या खिशात घातली आणि खराटा उचलला.

या वळणावर तिच्या नवऱ्याचा बिटाचा ट्रक उलटला त्याला आठ वर्षं झाली होती. माणूस रस्त्यावर अपघातात गेला की तो जिथे गेला तिथे त्याच्या जिवासाठी घरकुल उभारायचं, तसं तिनेही उभारलं होतं. आकाराने कुत्र्याच्या घराएवढं, पण उतरतं छप्पर असलेलं, आत मेणबत्तीला जागा असलेलं. शाळेच्या स्वयंपाकघरात ती मदतनीस होती. तिथे रिकामे होणारे मासळीचे डबे ती घरी आणायची, कात्रीने कापून त्यांची फुलं करायची आणि घरकुलाभोवती तारेवर लावायची. दर रविवारी ती पाच किलोमीटर चालत यायची, झाडायची आणि परत जायची. मे अखेरीला, इथला शरद संपताना, पॉप्लरची पानं इतकी गळायची की झाडून पाठ वळवेपर्यंत पुन्हा सडा पडलेला असायचा.

अशा घरकुलांपाशी लोक नवस बोलतात, पावला की आभाराची पाटी लावतात. पण आठ वर्षांत या घरकुलापाशी तिच्याशिवाय कुणी काही ठेवलं नव्हतं. आणि आता ही र.

*

“बघू बघू,” ओर्फेलिनाने ओले हात पुसले आणि पाटी खिडकीपाशी नेली. ती शाळेची मुख्य स्वयंपाकीण. एदेल्मिराच्या लग्नात तिनेच केक केला होता, त्यामुळे तिला सगळं बोलायचा परवाना होता. “अगं बया! म्हणजे आपला बेलार्मिनो लोकांच्या हाकेला धावायला लागला?”

“तेच म्हणते मी. जिवंतपणी मी सहा महिने ओरडत होते, नळ गळतोय, नळ गळतोय. ऐकलं?”

“मेल्यावर कान उघडले असतील.”

“हसू नकोस. नीट वाच. ‘ऐकलंस.’ अरेतुरे. आडनाव नाही, काही नाही. नुसतं बेलार्मिनो. असं कोण लिहितं?”

ओर्फेलिना हसायची थांबली. मोठ्या पातेल्यात घेवडा शिजत होता. तिने त्यात शेवया मोडून टाकल्या आणि झाकण ठेवलं. “ते जाऊ दे. तू ही काढून आणलीस? आत्म्याला दिलेली पाटी? एदेल, हात झडतील तुझे.”

“माझ्या नवऱ्याचं घर आहे ते. तिथे काय लावायचं ते मी ठरवणार.”

“आणि र म्हणजे कोण, तेही तू ठरवलंच असशील.”

एदेल्मिराने ठरवलं होतंच. साखर कारखाना खाली, पश्चिमेला. तेव्हा बिटाची शेतंही सगळी तिकडेच होती, वर बीट आलं ते नंतर. बेलार्मिनो गेला तो वरच्या, डोंगराकडच्या रस्त्यावर, रिकामा ट्रक घेऊन, मंगळवारी दुपारी. तिथे त्याचं काहीही काम नव्हतं. हे पोलिसांनी विचारलं नाही, पाद्र्याने विचारलं नाही. तिने मात्र आठ वर्षं, दर रविवारी झाडताना, स्वतःला विचारलं होतं. वरच्या गावात रामोनाची खाणावळ होती. रामोनाला मांस भाजता यायचं आणि हसता यायचं.

“रामोना,” ती शेवटी म्हणाली.

“रामोना चार वर्षांपूर्वी लेकाकडे गेली, उत्तरेला. खाणावळीत आता कोंबड्या आहेत.”

एदेल्मिराने पाटी परत घेतली. “मग रोसाउरा असेल. राकेल असेल. र वरून नाव असलेल्या बाया काय कमी आहेत?”

पाटी तिने घरी नेऊन पिठाच्या डब्यात, पिठाच्या खाली ठेवली.

*

पुढच्या रविवारी नवी पाटी होती. तीच अक्षरं, तोच निळा रंग. या वेळी स्क्रू आठ होते.

एदेल्मिराने लगेच हात लावला नाही. आधी ती उकिडवी बसली आणि जमीन पाहिली. चिखलात बुटांचे ठसे होते. तिच्या स्वतःच्या आठवड्यापूर्वीच्या ठशांवर पानांचा जाड थर होता. या ठशांत मात्र जेमतेम चार-पाच पानं पडलेली. म्हणजे येणारं माणूस कालच आलं होतं, शनिवारी. ठसे मोठे होते, तिच्या वितीपेक्षा बरेच लांब. पुरुषाचे म्हणावे इतके. पण तिच्या मनाने तेही पचवलं. मोठ्या पायांच्या बायका काय नसतात? शिवाय बाईला कुणीतरी गाडीने आणून सोडत असेल.

घरकुलाच्या दारात एक पुडकं होतं. तिने ते उघडलं. भोपळ्याच्या पुऱ्या, आपल्या घारग्यांसारख्या, कडक झालेल्या. बेलार्मिनोला त्या फार आवडायच्या. अर्थात, इथे त्या कुणाला आवडत नाहीत? तरी तिने पुडकं पुन्हा करकचून बांधलं. त्याला काय आवडतं हे या बाईला ठाऊक होतं तर.

या वेळी तिने शाळेतला स्क्रूड्रायव्हर आणला होता. आठ स्क्रू काढायला वेळ लागला.

“तू आता हे थांबव,” सोमवारी ओर्फेलिना म्हणाली. “कुणाच्या तरी जिवावर आलेलं टळलं असेल, म्हणून आभार मानतंय बिचारं. आणि तू ते चोरतेस.”

“टळलं असेल तर चर्चमध्ये जावं. माझ्या नवऱ्याकडे काय?”

“हेवा वाटतो होय गं? मेलेल्याचा?”

“मेलेल्याचाच जास्त वाटतो,” एदेल्मिरा म्हणाली. “त्याला विचारता येत नाही ना.”

*

शनिवारी सकाळी धुकं इतकं दाट होतं की वीस पावलांवरचं पॉप्लर पुसट रेघेसारखं दिसत होतं. एदेल्मिरा घरकुलामागच्या काटेरी जाळीआड दगडावर बसली होती. तिने दोन स्वेटर घातले होते आणि थर्मासमध्ये चहा आणला होता. कुणी येईल आणि ते कोण हे एकदाचं कळेल, एवढंच तिला हवं होतं. कळल्यावर काय करायचं याचा विचार तिने केला नव्हता. एक मात्र तिला माहीत होतं. जर ती बाईच निघाली, तर हे घरकुल ती स्वतःच्या हाताने उपटून टाकणार होती. फुलांसकट.

दहाच्या सुमाराला सरपण लादलेली एक छोटी गाडी वळणावर थांबली. दार उघडलं. पुरुष. पस्तिशीचा, आडवा, लोकरीची टोपी घातलेला. त्याच्या एका हातात पाटी होती, दुसऱ्यात हत्यारांची पेटी. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. एदेल्मिराने मान उंचावून खात्री करून घेतली.

तो घरकुलापुढे उभा राहिला. पाटी काढलेली जागा त्याने पाहिली, रिकामी आठ भोकं बोटाने चाचपली, आणि टोपी काढली.

“हे बघ, बेलार्मिनो,” तो हलक्या आवाजात बोलू लागला. “दोनदा परत केलीस. म्हणजे माझंच काहीतरी चुकलंय. काय चुकलं ते कळव. पाटी लहान झाली का? ही मोठी आणलीय. पण जे केलंस ते मागे घेऊ नकोस. गुरुवारी माझ्या पोरीच्या, आमान्दाच्या छातीचा फोटो काढणार आहेत. परवापासून ती पुन्हा खोकतेय.” तो थांबला. “आई म्हणते, पाटी पडली म्हणजे आत्म्याने आभार नाकारले. मला तसं वाटत नाही. पण दोनदा...”

थर्मास एदेल्मिराच्या मांडीवरून घसरला आणि दगडावर आपटला.

तो दचकून मागे सरला. “कोण आहे?”

ती जाळीआडून बाहेर आली. स्वेटरला काटे अडकले होते, ते सोडवायला तिने गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला. “मी झाडायला येते,” ती म्हणाली.

“काटेरी जाळीच्या आतून?” तो तिच्याकडे रोखून पाहू लागला. “इथली पाटी कुणी काढली, पाहिलंत तुम्ही?”

“वाऱ्याने पडली असेल.”

“आठ स्क्रू होते, बाई. वाऱ्याकडे स्क्रूड्रायव्हर असतो?”

आता खोटं बोलून भागलं असतं. पोरं असतात, भंगारवाले असतात. पण त्याच्या हातातली टोपी चुरगळून पार गोळा झाली होती, आणि खोकणाऱ्या पोरीचं नाव तिने ऐकलं होतं.

“मी काढली,” एदेल्मिरा म्हणाली. “दोन्ही. मी त्याची बायको.”

आधी त्याचा चेहरा लाल झाला, मग हळूहळू निवळत गेला. “म्हणजे त्याने नाही नाकारली.”

“त्याला कळलंसुद्धा नाही. मीच.”

“देवा रे!” तो गाडीच्या पायरीवर मटकन बसला. मग एकदम उठला. “का काढलीत? दहा-बारा दिवस मला झोप नाही. माझ्या आईने तर घरातली सगळी भांडी पुन्हा घासली, कुठे काही अपवित्र झालंय म्हणून. का?”

“मला वाटलं, र म्हणजे बाई आहे.”

तो तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या ओठांचे कोपरे हलले, पण तो हसला नाही. “रेमिहियो,” तो म्हणाला. “रेमिहियो येवेनेस. वरच्या गावातला. सरपण विकतो.”

“तू माझ्या नवऱ्याला ओळखायचास?”

“नाही हो.”

“मग अरेतुरे? आणि नुसतं नाव?”

“इथे तेवढंच लिहिलंय,” त्याने घरकुलाच्या कपाळाकडे बोट केलं. तिथलं नाव तिनेच रंगवलं होतं. पत्रा अरुंद होता, आडनाव मावलं नव्हतं. “आणि आत्म्याला अहो-जाहो कोण करतं?”

एदेल्मिराने जाळीआडून थर्मास आणला, झाकणात चहा ओतला आणि ते त्याच्यापुढे केलं. त्याने ते घेतलं.

“या रस्त्यावर एवढी घरकुलं आहेत,” ती म्हणाली. “याच्याकडेच का मागितलंस?”

“अकरा आहेत. मार्चमध्ये पोरीच्या फुप्फुसात पाणी झालं. मी रोज चियान शहरातल्या इस्पितळात जायचो, रोज अकराच्या अकरा बघायचो. काहींचं छप्पर गेलंय, काहींत गवत. हे एकटंच झाडलेलं. आणि ही फुलं गाडीच्या दिव्यांत अशी चमकायची.” त्याने एका पत्र्याच्या पाकळीला बोट लावलं. पाकळीच्या मागे डब्यावरच्या माशाची शेपटी अजून दिसत होती. “मी म्हटलं, ज्याची लोक इतकी काळजी घेतात त्याने पुष्कळांची कामं केली असणार. हा जागृत असणार.”

“लोक नाहीत. मी एकटीच येते.”

“म्हणजे... आधी कुणाचंच काम झालं नव्हतं?”

“तुझं पहिलंच.”

रेमिहियोने चहाचा घोट घेतला आणि विचार केला. “बरं झालं मग,” तो शेवटी म्हणाला. “गर्दी नव्हती.”

एदेल्मिरा हसली. हसताना तिच्या तोंडातून वाफ बाहेर पडली. या जागी ती पूर्वी कधी हसली होती का, हे तिला आठवेना.

“कसा होता तो?” त्याने विचारलं. “चांगला होता?”

ती घरकुलाकडे पाहत राहिली. त्या मंगळवारी तो या रस्त्यावर का होता, हे तिला अजूनही माहीत नव्हतं. बाई नव्हती असंही काही या माणसाने सिद्ध केलं नव्हतं. तो फक्त दुसराच कुणीतरी निघाला होता. ‘हो’ म्हणता येईल असं काहीतरी ती शोधत होती, खोटं नसलेलं.

“पहाटे निघताना तो ट्रक घरासमोर चालू करायचा नाही,” ती म्हणाली. “आमचं घर उतारावर आहे. ब्रेक सोडायचा. ट्रक आपोआप खाली पुलापर्यंत जायचा. तिथे गेल्यावर इंजिन सुरू करायचा.”

“का?”

संसाराची अकरा वर्षं ती अंथरुणात जागी पडून खडीवरून घरंगळणाऱ्या चाकांचा तो आवाज ऐकत आली होती. चोरासारखा जातोय, असं ती मनात म्हणायची. कुठे, कुणाकडे, किती वाजता, ते मला कळू नये म्हणून. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, ओर्फेलिनालाही नाही. त्यामुळे ते मोठ्याने कसं ऐकू येतं, हेही तिला माहीत नव्हतं.

“मी झोपलेली असायचे म्हणून,” एदेल्मिरा म्हणाली.

रेमिहियोने मान डोलावली, जणू एवढं पुरेसं होतं. “माझ्या बायकोला विचारा,” तो म्हणाला. “मी पहाटे लाकडं आपटत भरतो. शिव्या खातो.”

तिने नाक पुसलं, दोनदा.

“मावशी,” त्याचा आवाज बदलला. “लावू ना मग? तुम्ही म्हणाल तर.”

“लाव. आधीच्या दोन घरी आहेत, पिठाच्या डब्यात. पुढच्या शनिवारी आणते. पोरीच्या फोटोचं काय झालं ते मला सांगून जा.”

“नक्की. पण जरा धरा हे. एकट्याने तिरकं बसतं.”

तिने पाटी धरली. तो गुडघे टेकून स्क्रू पिळत होता, ती वरून सांगत होती. डावी बाजू जरा वर. एवढी नको. हां. पत्रा गार होता, त्यामुळे तिची बोटं सुन्न झाली, पण शेवटचा स्क्रू बसेपर्यंत तिने हात काढला नाही.

गाडी खाली निघून गेल्यावर तिने खराटा घेतला. पानं ओली होती, एकेक सुटी करून ओढावी लागत होती. धुकं विरळ झालं होतं. वळणावरून बिटाचा ट्रक येताना दिसला. ड्रायव्हरने वेग कमी केला, एका हाताने छातीवर क्रूस केला आणि भोंगा वाजवला, छोटा, एकदाच.

एदेल्मिरा घरकुलाच्या पुढेच उभी होती, ते झाकून. ती दोन पावलं बाजूला सरकली.