शनिवारची कार्डं

माणसं मोजायची मला खोड आहे. दुबईत अल बर्शाच्या मॉलमधल्या घड्याळांच्या दुकानात मी ॲडमिन. कोण किती वाजता आलं, कितीदा चहाला गेलं, कोण कोणाकडे बघून हसलं, सगळं माझ्याकडे जमा. पगार फक्त पहिल्या गोष्टीचा मिळतो.

तरी आष्टमकरकाकांचं प्रकरण मला सहा महिने कळलं नाही.

काका आमचे घड्याळजी. रेवदंड्याकडचे, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. सगळं दुकान सुटी मागायचं रविवारची, काका शनिवारची. "आमच्याकडे पूर्वी तेलाचा घाणा होता, प्रमिलाबाई. शनिवारी बंद. गावानं का म्हणून विचारलं नाही, शनिवार तेली असं नाव तेवढं ठेवलं." त्यांचा शनिवार शुक्रवारी सूर्य मावळला की लागतो, आणि तो संपेपर्यंत काका मनगटावरच्या घड्याळाला चावीसुद्धा देत नाहीत.

वय एकसष्ट. व्हिसा जानेवारीत संपणार. त्यांच्याच व्हिसावर इथे राहणारी मुलगी सियोना बारावीला, परीक्षा मार्चमध्ये. रिन्यूअलच्या आधी मालकांनी प्रत्येक कारागिराची कार्डं मागवली. दुरुस्त झालेल्या घड्याळामागे एक कार्ड, खाली तारीख आणि कारागिराचं नाव. मालक ग्रिगोरी मॉस्कोचे. तेही ज्यू, पण दुकान सातही दिवस उघडं ठेवणारे.

शुक्रवारी दुपारी मी गठ्ठा लावायला बसले. काकांचा गठ्ठा चांगला जाड होता. वरचं कार्ड आठ नोव्हेंबर, शनिवार. पुढे पंधरा नोव्हेंबर. शनिवार. अशी सतरा निघाली. आणि सोमवारचं एकही नाही. सोमवारी सुटी असते ती काउंटरवरच्या ईश्वरीची.

"ईश्वरी, काकांची कार्डं तू भरतेस?"

"सो व्हॉट, आंटी? काका बिझी असतात."

"शनिवारीसुद्धा?"

पोरगी दुबईत जन्मलेली, उत्तर तोंडावर तयार असतं. त्या दिवशी तिनं काउंटरची काच पुसायला घेतली.

काका मागून ऐकत होते. त्यांनी उजवा हात माझ्या टेबलावर ठेवला. शेजारचा पेला किणकिणायला लागला.

"मेपासून असं आहे," ते म्हणाले. "मी सांगतो, ती करते. हात तिचे. मार्चपर्यंत ओढून न्या, प्रमिलाबाई. पोरीची परीक्षा झाली की मीच जातो."

सतरा कार्डं खणात टाकणं सोपं होतं. माझा हात खणावर गेलाही होता. पण ग्रिगोरी वेळेआधी यायचे ते यायचेच. "यल्ला, चला, दाखवा," म्हणत त्यांनी गठ्ठा उचलला, चार-पाच कार्डं उलटली आणि थांबले. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग काकांकडे.

"तू शनिवारी काम करायला लागलास?"

"साहेब, ईश्वरीचा दोष नाही. मीच तिच्याकडून करून घेतली."

काकांचा हात अजून टेबलावरच होता; किणकिणणाऱ्या पेल्याकडे पाहत ग्रिगोरी स्टूल ओढून बसले. मला वाटलं, आता दोघांची नोकरी गेली. ते बोलले ते भलतंच.

"माझ्या आजोबांचे आजोबा घड्याळजी होते. झारच्या काळात, पीटर्सबर्गला. ज्यूंना त्या शहरात राहायला बंदी. कारागिराला मुभा होती, पण हात चालतोय तोवर. शिपाई मधूनच येऊन बघायचा. टेबलावर घड्याळ उघडं पाहिजे, डोळ्याला भिंग पाहिजे. हात थांबले की बोचकं बांधा."

"मग?"

"हात थांबले. तुझ्यासारखेच. ते भिंग लावून पुढे बसायचे आणि पडद्यामागे सून घड्याळं दुरुस्त करायची. नऊ वर्षं. सगळं कुटुंब त्यावर तिथे राहिलं." त्यांनी कार्डं टेबलावर नीट रचली. "म्हाताऱ्याचं नाव आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्या सुनेचं नाव कुणालाच माहीत नाही. मी खूप विचारलं. ते कुठल्या कागदावरच नव्हतं."

काका खाली मान घालून म्हणाले, "त्यांना शिपायाची भीती होती. मला माझ्याच हातांची होती."

"आणि माझीही," ग्रिगोरी म्हणाले. मालकाची भीती तर दुकानात सगळ्यांनाच होती. "शनिवारच्या कार्डांवर हिचं नाव घाल, त्या दिवशी तू इथे नव्हतासच. हिचा व्हिसा टेक्निशियनचा करू. प्रमिला, कागद काढ."

"आणि काकांचा?" विचारलं मीच, कारण काका विचारणार नव्हते.

"शिकवतोय ना तो? मग शिकवणारा म्हणून लिही. ही शिकेपर्यंत राहील."

"सर," ईश्वरी घाईनं म्हणाली, "आय ॲम अ व्हेरी स्लो लर्नर."

ग्रिगोरी हसले. काका मात्र हसले नाहीत. चाळीस वर्षं घड्याळजी म्हणवलेला माणूस, एका वाक्यात मास्तर झाला होता. बढती होती की निवृत्ती, हे माझ्याही हिशेबात अजून बसलेलं नाही.

मी पेन ईश्वरीकडे केलं. ते काकांनी घेतलं. "मी खोडतो. मीच लिहितो."

सहा महिने ज्यानं आमच्यासमोर चहाचा कपसुद्धा उचलला नव्हता, तो माणूस मालकादेखत लिहायला बसला. आपलं नाव खोडायचं, खाली तिचं लिहायचं. अक्षरं अशी वाकडी, की पहिलीतल्या मुलाला मास्तरांनी पुन्हा काढायला लावली असती. ईश्वरी टेबलाच्या कडेला कार्ड धरून उभी होती, सरकू नये म्हणून. घाई कुणीच केली नाही.

चौदा झाली. काकांनी मनगटावर पाहिलं. साडेपाच व्हायला आले होते. मॉलमध्ये सूर्य दिसत नाही, पण काकांना तो कळतो. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"तीन राहिली, साहेब. रविवारी."

"रविवारी," ग्रिगोरी म्हणाले, आणि ती तीन कार्डं त्यांनी स्वतः माझ्या खणात ठेवली.