फक्त आठ दिवस हवे होते

मित्रांनो, मी व्हिडिओ गेमचा एक जुना कन्सोल आहे; पण खेळायचा नव्हे, खेळ घडवायचा. मी दुकानात मिळत नाही. मला बनवणारी कंपनी मला खेळ बनवणाऱ्या स्टुडिओंना वापरायला देते आणि करार संपला की परत नेते.

हे स्टुडिओ दोन प्रकारचे. काही कंपनीच्या घरचे, काही बाहेरचे, स्वतंत्र. माझी पहिली दोन वर्षं घरच्या स्टुडिओत गेली. तिथे माणसं तीस आणि आम्ही यंत्रं चाळीस! मला कुणी क्वचितच हात लावी. त्यांचा खेळ तीनदा पुढे ढकलला गेला, तरी कुणी ब्र काढला नाही. घरचे ना ते!

मग माझी रवानगी दोन बहिणींकडे झाली. शिंप्याच्या दुकानावरची एक खोली, एवढाच त्यांचा स्टुडिओ. थोरली चित्रं काढायची, धाकटी प्रोग्राम लिहायची. एका नावाड्याचा साधासा खेळ होता, पण त्यात दोघींनी जीव ओतला होता. यंत्र मी एकटाच, त्यामुळे एकीचं काम चाललं की दुसरी खोळंबायची. मी तापलो की धाकटी मला वहीने वारा घालायची. एवढे लाड माझे जन्मात कुणी केले नव्हते.

खेळ शेवटच्या टप्प्यावर हटकून बंद पडायचा. चार महिने डोकेफोड केल्यावर धाकटीला चूक सापडली. दुरुस्त केलेला खेळ तिने माझ्यात भरला आणि तेवढ्यात कंपनीचा माणूस यादी घेऊन दारात उभा राहिला.

"ताई, मुदत संपली. यंत्र न्यायचंय."

"अहो, आठ दिवस द्या फक्त!" धाकटी म्हणाली. "या यंत्रावर तपासल्याशिवाय तुमचीच कंपनी खेळ घेत नाही."

"खरंय. पण घरच्या स्टुडिओचा नवा खेळ सुरू होतोय. आधी त्यांना."

"त्यांच्याकडे नवी यंत्रं आहेत की! हे जुनं कशाला लागतंय?"

त्याने यादी खालीवर पाहिली. "ते नाही लिहिलेलं."

थोरलीने माझ्या वायरी काढल्या. धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

घरच्यांचा तो नवा खेळ महिनाभरात गुंडाळला गेला. मी गोदामात पडून आहे आणि माझा नुसता जळफळाट होतो. मित्रांनो, वस्तू कुलपात ठेवली म्हणजे जपली असं नव्हे. जिचं काम माझ्यावाचून अडलंय, तिच्याकडे मला पोचवा. दुरुस्त केलेला खेळ अजून माझ्यात आहे. तो चालतो की नाही, हे धाकटीलाही ठाऊक नाही आणि मलाही.