पिल्लांवरची मरळ

गौतमचा गळ पाण्यात पडे तेव्हा आवाज होत नसे. पिकले पान निखळावे तसा तो उतरे, आणि श्रावणातले कोवळे ऊन त्याच्या ओल्या मनगटावर क्षणभर थबकून मग तळ्याकडे निघून जाई. हेंद्रेपाड्याचा हा माझा दोस्त अंबरनाथच्या कारखान्यात माझ्या शेजारच्याच मशीनवर असे. पण रविवारी जांभूळ गावाजवळच्या त्या तळ्यावर बसला, की बांबूची काठी, दोरा आणि तो यांच्यात कुठे सांधाच दिसत नसे. मासे त्याच्याकडे जात, माझ्याकडे येत नसत. एवढेच असते तर सोसले असते.

पण अण्णाही त्याच्याचजवळ जाऊन बसत.

अण्णा म्हणजे माझे वडील. कॅम्प तीनमधल्या शिलाई कारखान्यात जीन्स शिवून बोटे निळी पडलेली, आणि घरात मौन असे की भांडेसुद्धा जपून ठेवावे. त्या माणसाला गौतमशेजारी वाचा फुटे. पाठमोरा बसून मी त्यांचे हसू ऐके, आणि रिकामा गळ उगाच पुन्हा पुन्हा ओढून पाही.

एका सकाळी गवताच्या कडेला पाण्यावर तांबूस झाक थरथरली. मरळीची पिल्ले, एकमेकांना बिलगलेली, आणि त्यांच्याखाली आईची काळी, जागी सावली. अशा वेळी वर गळाला लावलेला बेडूक नाचवला की मरळ भुकेने नव्हे, रागाने झेपावते, हमखास सापडते. मी काठी उचलली. गौतमने ती हळूच खाली दाबली.

"पोरंवालीये रे ती. सोड ना."

"धरायला जमत नाय, निदान सोडायला तरी शीक," अण्णा म्हणाले, आणि दोघेही हसले.

दुसऱ्याच दिवशी कारखान्यातली पाळी बुडवून मी एकटा गेलो. बेडूक पाण्याला टेकताच ती आली. काठावर ती तडफडत असताना तांबूस झाक फुटली, विखुरली, मोठ्या माशांनी खाली ओढून नेली. मी ते पाहत उभा राहिलो, आणि खरे सांगतो, मला आनंद झाला होता.

घरी अण्णांनी मासा दोन्ही हातांवर तोलला. "कुठली रे?"

"नदीची."

"वा रे पठ्ठ्या!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझी पाठ थोपटली. लगेच म्हणाले, "डोकं गौतमला नेऊन दे. सांग त्याला, माझ्या पोरानं धरली."

गौतमने डब्याचे झाकण उघडले, माझ्याकडे पाहिले, झाकण परत लावले. "काकांना सांग, लय भारी." पुढच्या रविवारी गवताकडेचे पाणी कोरे होते. तो अण्णांशेजारी बसला, गप्पा मारत राहिला, आणि त्या मरळीबद्दल त्याने अण्णांना अखेरपर्यंत सांगितले नाही. त्या औदार्याचाही मला हेवाच वाटला.

आता अण्णा नाहीत, गौतमही नाही. काळाने नेले ते दोघांना जणू एकमेकांशेजारी बसलेलेच नेले. आणि आठवणीत मी कितीही जवळ गेलो, तरी त्यांच्यामध्ये मला अजून जागा होत नाही.